समुद्रविज्ञानाचे एक नियतकालिक आणि मांडवीचा तळ

समुद्राविषयीचे नियतकालिक समुद्रकाठी निघावे, अशी आपली सहज अपेक्षा असते. ‘इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस’ या नियतकालिकाचा पहिला अंक १९७२ साली निघाला तो मात्र दिल्लीहून, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन विभागाकडून. संपादन राजधानीत होई; लेख किनाऱ्यावरून जात, आणि त्यांतले पुष्कळसे गोमंतकातून जात. या नियतकालिकाच्या आरंभीच्या अंकांत आपल्या मांडवी आणि जुवारी या नद्यांविषयी जे छापले गेले, त्याची हकीगत गोमंतकीय वाचकांस ठाऊक असावी असे वाटते. कारण पुढे एका प्रसंगी तीच पाने साक्षीला उभी राहिली.

आधी थोडी पूर्वपीठिका. भारतात केवळ सागरी जीवांना वाहिलेले नियतकालिक १९५९ पासूनच निघत होते. भारतीय सागरी जीवशास्त्र संघाने ते रामेश्वराजवळच्या मंडपम येथून काढले होते, आणि मासे, कोळंबी, शिंपले हा त्याचा मुख्य विषय होता. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची जुळवाजुळव सुरू झाली. १९६५ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी भाग घेतला, आणि भारताने आपल्या नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाज संशोधनासाठी दिले. मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. संस्थेचे मुख्यालय पुढे गोमंतकात आले व दोनापावल येथे स्थिरावले. म्हणजे संस्था होती, शास्त्रज्ञ होते, लवकरच लेख छापावयास नियतकालिकही झाले. नव्हते ते स्वतःचे जहाज. ‘गवेषणी’ हे संशोधन-जहाज संस्थेला मिळाले ते १९७६ साली. तोवर नौदलाकडे जहाज मागावे, किंवा होडीतून जेथवर जाता येईल तेथवर जावे.

आरंभीच्या अंकांचा विषय-विचार या एका गोष्टीवरून उलगडतो. खाड्या, नदीमुखे, पुळणी, खाजणे यांविषयीचे लेख त्यांत विपुल आहेत. ज्याला आज आपण संशोधनाचे धोरण म्हणू, ते पुष्कळ अंशी होडीच्या पल्ल्याने ठरविले होते. हे मी उणेपणा दाखविण्यासाठी म्हणत नाही. जवळचे पाणी बारकाईने पाहण्याची जी सवय त्या काळी लागली, तिचे मोल फार मोठे आहे.

उदाहरणार्थ, १९७४ च्या तिसऱ्या खंडात परुळेकर आणि द्विवेदी यांचा एक लेख आहे. ४१ ते ४५ अशी त्याची अवघी पाच पाने. मांडवीच्या तळाच्या गाळात किती व कोणते जीव राहतात, आणि तळाच्या पाण्याचा खारेपणा व गाळाची जात यांच्याशी त्यांचा काय संबंध आहे, हा त्याचा विषय. अशा कामाची रीत सांगावयास सोपी आणि करावयास कंटाळवाणी असते. नदीच्या ठराविक ठिकाणी नांगर टाकून तळाचा चिखल उचलावयाचा, तो चाळणीत धुवावयाचा, जे किडे, शिंपले, खेकडे उरतील ते निवडून मोजावयाचे, तोलावयाचे; आणि महिनोन्महिने हेच पुन्हा करावयाचे. मांडवीसारख्या नदीत याला वेगळाच अर्थ आहे. उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी नदीत दूरवर आत शिरते, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारा लोंढा ते जवळजवळ बाहेर लोटून देतो. एवढा फरक सोसून तळाचे जीव कसे टिकतात, मेलेल्यांची जागा पाऊस ओसरल्यावर कोण घेतो, हे वर्षभर मोजल्यावाचून कळत नाही. या लेखाला ‘भाग पहिला’ असे म्हटले होते, आणि तिसरा भाग १९८० साली, नवव्या खंडात, परुळेकर, धारगळकर व सिंगबाळ यांच्या नावे आला. एकाच चिखलाकडे वारंवार परत येणारी ही लेखमाला एका अंकापुरत्या वाचकासाठी नव्हतीच.

दरम्यान जहाज आले आणि पृष्ठांचे स्वरूप पालटू लागले. सहामाही निघणारे नियतकालिक त्रैमासिक झाले, खोल समुद्राचे रसायन आणि भूविज्ञान यांना त्यात अधिक जागा मिळू लागली. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ने हिंदी महासागराच्या तळावरून मँगनीजचे गोळे वर काढले, तेव्हा तर राष्ट्राचे लक्षच खोल पाण्याकडे वळले. अरबी समुद्रातील प्राणवायूचा प्रश्न याच काळातला. सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीच्या थरात तेथे प्राणवायू जवळजवळ संपतो. मग सूक्ष्मजीव नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्रवायू मोकळा होतो. वायव्य हिंदी महासागरातील प्राणवायू आणि पोषक क्षार यांच्या संबंधाविषयीचा सेनगुप्ता, राजगोपाल व कासीम यांचा लेख १९७६ साली याच नियतकालिकात आला. पुढे नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नत्रनाशाविषयी लिहिले ते १९८२ साली ‘डीप-सी रिसर्च’ या परदेशी पत्रिकेत. त्यांचा आणि कासीम यांचा पुढचा लेख १९८३ साली पुन्हा घरच्या नियतकालिकात. आणि पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यातील वाढत्या प्राणवायू-टंचाईविषयीचा, जगभर गाजलेला लेख २००० साली ‘नेचर’मध्ये.

प्रकाशनाची ही वाट तेवढ्या एकाच विषयापुरती नाही. ज्याला मोठा वाचक हवा त्याने मोठ्या पत्रिकेकडे जावे, यात गैर काही नाही. शिवाय पुढे संशोधकाची योग्यता त्याच्या लेखांच्या उद्धरणांवरून मोजण्याची पद्धत रूढ झाल्यावर दुसरे काय होणार? पण परदेशी संपादक आणि परीक्षक ज्या प्रश्नाला जगाचा प्रश्न मानतील, तोच तेथे सहज शिरतो. मांडवीच्या एका वळणावर अमुक महिन्यात किती शिंपले होते, हा जगाचा प्रश्न नव्हे.

तो आमचा प्रश्न होता, हे १९८६ साली दिसले. परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात, बंगळूरहून, गोमंतकातील खाणींच्या परिणामांविषयी लेख लिहिला. खाणींवरचा टाकाऊ गाळ नदीमुखांत येऊन तळावर बसला, पाणी गढूळ झाले, प्राणवायू घटला. आणि तिसऱ्यांचे उत्पादन सत्तर टक्क्यांहून अधिक खाली आले, तळाचे मूळ रहिवासी जवळजवळ नाहीसे झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘अधिक’, ‘खाली’ आणि ‘नाहीसे’ हे शब्द उच्चारावयाचे तर आधी काय होते ते कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. ते सत्तरीच्या दशकातच मोजले गेले होते, आणि त्याचा मोठा भाग दिल्लीहून निघणाऱ्या त्या नियतकालिकात छापला गेला होता. नदीतून खनिजाचे बार्जी रात्रंदिवस मुरगावकडे जात होते त्या काळात, बाजारात तिसऱ्या महाग झाल्या एवढे तर कोणीही सांगितले असते. ते मोजून सांगणे या लेखमालेमुळे शक्य झाले.

२०१० पासून नियतकालिकाच्या नावात ‘जिओ’ हा शब्द जोडला गेला आणि काही वर्षांत ते मासिक झाले. उपग्रहांवरून घेतलेल्या नोंदी, संगणकावरची प्रतिमाने, दूरच्या देशांतील लेखकांचे लेख, असा त्याचा पसारा वाढला. नव्या अंकांचा विस्तार पाहून मला आनंदच होतो. तरी पाच पानांचा, एका नदीचा, ‘भाग पहिला’ असे म्हणवून घेणारा लेख आता तेथे कितपत सहज स्वीकारला जाईल, ही शंका मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट. हे सारे इंग्रजीत लिहिले गेले. संस्थेने स्वतःचे जे पत्र काढले होते त्याचे नाव ‘महासागर’ असे आपल्याच भाषेतले होते, परंतु आतला मजकूर इंग्रजीच. आणि आता ते निघत नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभे राहून तिसऱ्या आणि खुबे काढणाऱ्या बायकांनी ज्या जीवांना पिढ्यान्‌पिढ्या नावाने ओळखले, ते त्या कोष्टकांत लॅटिन नावांनी नोंदले आहेत. सत्तर टक्के घट झाली, हे त्यांना टोपलीच्या वजनावरून आधीच कळले होते. ते त्यांच्या भाषेत छापून त्यांच्या हाती कोणी दिले नाही.