टाकी क्रमांक ६१०

मे १९८२
युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे पथक सुरक्षा तपासणीला येते. अहवालात गळके व्हॉल्व्ह, अपुरी उपकरणे आणि सतत बदलणारी माणसे यांची नोंद आहे. आणखी एक बारीक नोंद आहे: फिल्टरचे पाइप धुताना स्लिप ब्लाइंड बसवले जात नाहीत.

स्लिप ब्लाइंड म्हणजे पाइपच्या दोन फ्लँजमध्ये घालायची धातूची चकती. व्हॉल्व्ह गळका असला तरी या चकतीपलीकडे पाणी जात नाही.

कागदावरचा कारखाना
मिथिल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळते आणि पाण्याशी संयोग झाला की प्रचंड तापते. कारखान्यातले लोक त्याला ‘मिक’ म्हणत. सेव्हिन हे कीटकनाशक त्यापासून बनवत. आराखडा करणाऱ्यांना या रसायनाचा स्वभाव माहीत होता, म्हणून त्यांनी एकामागे एक अडसर ठेवले होते. मिक शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचे. तापमान ११ अंशांवर गेले की इशारा वाजायचा. वायू सुटलाच, तर स्क्रबरमधल्या कॉस्टिक सोड्याने तो निष्प्रभ करायचा आणि उरलेला फ्लेअर टॉवरवर जाळायचा. ६१०, ६११ आणि ६१९ या तीन टाक्यांपैकी ६१९ अडचणीच्या वेळेसाठी रिकामी ठेवायची.

या रचनेत मला आजही खोट दिसत नाही, ती जशी काढली तशी राहिली असती तर.

मे १९८४
कारखाना तोट्यात आहे, सेव्हिनला मागणी नाही. मिक विभागात दोन वायुवाहक पाइप आहेत. एक नेहमीच्या प्रक्रियेतली वाफ नेतो, दुसरा सुरक्षा व्हॉल्व्हमधून सुटलेला वायू. एक दुरुस्तीला काढला तर दुसऱ्याने काम भागावे म्हणून दोन्हींच्या मध्ये एक जोडपाइप बसवला जातो. त्याला ‘जंपर लाइन’ म्हणतात.

सोय म्हणून केलेला हा बदल वरवर पाहता शहाणपणाचाच आहे. पण आजवर वेगळ्या असलेल्या दोन वाटा आता एक झाल्या. एका वाटेत पाणी शिरले, तर ते दुसऱ्या वाटेने टाकीपर्यंत पोचू शकते.

दहा वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात असाच एक तात्पुरता पाइप घातला गेला होता. एक भांडे तडकले, म्हणून ते वगळून दोन बाजूंची भांडी जोडली. त्याचा रीतसर आराखडा झाला नाही, कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने आकृती काढली गेली. १ जून १९७४ रोजी दुपारी ४.५३ ला स्फोट झाला आणि २८ माणसे गेली. तेव्हापासून रासायनिक उद्योगाला ठाऊक आहे की कोणताही फेरफार, तो तात्पुरता का असेना, मूळ आराखड्याइतक्याच कसोशीने तपासायला हवा. आपल्याकडे पेट्रोलियमची किंवा स्फोटकांची परवानाप्राप्त जागा असेल, तर मंजूर नकाशात बदल करण्याआधी पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) या केंद्रीय संस्थेची परवानगी घ्यावी लागते. बदल आधी कागदावर आणि मग लोखंडात, हा क्रम का पाळायचा हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने पुढच्या वेळा लक्ष देऊन वाचाव्यात.

जून १९८४
शीतकरण यंत्र बंद करतात. पुढे त्यातला फ्रीऑनही काढून घेतात. टाक्यांमधले मिक आता हवेच्या तापमानाला आहे. ११ अंशांचा इशारा त्यामुळे निरर्थक ठरला, तापमान नेहमीच त्याच्या वर.

ऑक्टोबर १९८४
मिकचे उत्पादन थांबते. टाकी ६१० मध्ये सुमारे ४२ टन मिक आहे. कंपनीच्याच नियमात बसते त्याहून हे जास्त आहे. स्क्रबर ‘स्टँडबाय’वर टाकला आहे. फ्लेअर टॉवरकडे जाणाऱ्या पाइपचा गंजलेला तुकडा काढला आहे, नवा बसलेला नाही. रिकामी असायची ती ६१९ रिकामी नाही.

यातला एकेक निर्णय वेगवेगळ्या दिवशी झाला आणि प्रत्येकामागे काहीतरी कारण होते. ही सगळी कारणे एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून कुणी पाहिली नाहीत.

३० नोव्हेंबर
टाकी ६१० मध्ये नायट्रोजनचा दाब भरण्याचा प्रयत्न फसतो. टाकी दाब धरत नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी गळते आहे. कामगार ६११ मधून मिक घेऊ लागतात. ६१० तशीच राहते.

त्याच आठवड्यात रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचे पद रद्द झाले आहे. पाइपमध्ये चकती बसवून घेणे हे त्याचे काम होते. मिक विभागातल्या एका पाळीचे ऑपरेटर तर १२ वरून आधीच ६ वर आले आहेत.

रविवार, २ डिसेंबर, रात्री ८.३०
तुंबलेले फिल्टर-पाइप पाण्याने धुवायचा आदेश निघतो.

९.३०
पाणी सोडतात. चकती बसवलेली नाही. निचऱ्याच्या नळ्यांतून जितके बाहेर यायला हवे तितके पाणी येत नाही, म्हणून ऑपरेटर ते बंद करतो. पुन्हा सुरू करायला सांगितले जाते. तो सुरू करतो.

१०.२०
टाकी ६१० चा दाब: दर चौरस इंचाला २ पौंड.

१०.४५
पाळी बदलते. नवी माणसे येतात, पाणी चालूच असते.

११.००
दाब १० पौंड. २ ते २५ ही नेहमीची मर्यादा असल्याने आकडा त्यात बसतो. चाळीस मिनिटांपूर्वी तो २ होता, हे नव्या पाळीच्या ध्यानात येत नाही.

११.३०
कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. वास मिकचा आहे हे ते ओळखतात. उंचावर एक गळती दिसते. नियंत्रण कक्षाला कळवले जाते. छोट्या गळत्या इथे नवीन नाहीत आणि डोळ्यांतले पाणी हेच इथले गळती शोधायचे साधन झाले आहे. चहानंतर बघू, असे ठरते.

या एका तासाविषयी मी खूप वाचले आहे. त्या माणसांना दोष देणे मला कधी जमले नाही. ज्या कारखान्यात इशारा रोज वाजतो किंवा कधीच वाजत नाही, तिथे माणूस याहून वेगळे काय ठरवणार?

सोमवार, ३ डिसेंबर, मध्यरात्रीनंतर १२.१५
चहा चालू आहे. दाब ३० पौंडांच्या पुढे गेला आहे.

१२.३०
काटा ५५ वर, मोजपट्टीच्या टोकाला. त्यापुढचे मोजता येत नाही.

१२.४०
टाकीवरचे काँक्रीट थरथरते, तडकते. तापमानाचा काटाही पट्टीबाहेर. नंतरच्या तपासात आत २०० अंशांहून अधिक उष्णता झाल्याचे दिसले. सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो. स्क्रबर सुरू करायचा प्रयत्न होतो, पण एवढ्या लोंढ्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. फ्लेअर टॉवर जोडलेला नाही. शीतकरणात फ्रीऑन नाही. आणीबाणीच्या टाकीत जागा असल्याची खात्री नाही.

१२.५० च्या सुमारास
भोंगा वाजतो. शहरासाठीचा मोठा भोंगा काही मिनिटांत बंद केला जातो. लोक घाबरू नयेत म्हणून तशी पद्धत पडली होती. अग्निशामक पथक फवारे मारते. पाणी १२ ते १५ मीटर चढते. वायू सुमारे ३० मीटर उंचीवरून सुटतो आहे.

१.०० ते २.००
थंडीची रात्र, मंद वारा. हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, चोला या वस्त्यांत शिरतो. नागपूर-इटारसीकडून दिल्लीला जाणारी गाडी ज्या भोपाळ स्थानकातून जाते, तेही त्याच्या वाटेवर आहे. तिथे कामावर असलेले उपअधीक्षक गुलाम दस्तगीर उभी असलेली गाडी वेळेआधी सोडून देतात. लोक धावत असतात, आणि धावणाऱ्याची छाती जास्त वायू ओढते. ओले फडके नाकातोंडाला लावून झोपून राहा, एवढे सांगितले असते तरी काहीजण वाचले असते. वस्त्यांना ते आधी कधी सांगितलेले नव्हते.

२.३० च्या सुमारास
टाकीतला दाब ओसरतो. सुमारे ४० टन वायू बाहेर पडून गेला आहे. शहराचा भोंगा आता पुन्हा वाजतो.

नंतर
मध्य प्रदेश सरकारने वायुगळतीने झालेले म्हणून ३,७८७ मृत्यू निश्चित केले. २००६ च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात बाधितांचा आकडा ५,५८,१२५ आहे. पाणी धुतल्या जाणाऱ्या पाइपमधून टाकीत शिरले, असे भारत सरकारच्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये सांगितले. कुणीतरी मुद्दाम टाकीला रबरी नळी जोडली, असे कंपनीचे म्हणणे आहे. पाणी कोणत्याही वाटेने आलेले असो, शीतकरण बंद होते, फ्लेअर तुटलेला होता आणि स्क्रबर स्टँडबायवर होता. यावर वाद नाही.

१९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले. १९९२ मध्ये अमेरिकेने रासायनिक कारखान्यांना प्रत्येक फेरफाराची आधी लेखी छाननी करणे सक्तीचे केले.

बंद कारखान्याची माती तपासायचे काम नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आले. २०१० च्या अहवालात तिने सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचे नोंदवले. जानेवारी २०२५ मध्ये आवारातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरमधून पीथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षी जाळून संपवला. ती ११ लाख टन माती मात्र त्या बारा कंटेनरमध्ये मावणारी नव्हती.