दोन सेकंदांची मुदत : ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बंद पडणाऱ्या लॅपटॉपचा इतिहास

ठाण्याहून कल्याणकडे धावणाऱ्या लोकलच्या मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. तिला ‘डेड मॅन्स हँडल’ म्हणतात. हात सुटला की ब्रेक लागतात. चालक कधीतरी भोवळ येऊन पडेल, हे ती यंत्रणा उभारणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते.

लॅपटॉपच्या पडद्यामागेही एक चालक असतो : ग्राफिक्स ड्रायव्हर. तोही बेशुद्ध पडू शकतो, ही शक्यता विंडोजच्या रचनेत सामावून घ्यायला २००७ साल उजाडावे लागले. ही दिरंगाई कशी घडली, हे समजले की आजही लॅपटॉप मध्येच काळा किंवा निळा का पडतो याचा उलगडा होतो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. विंडोज एक भाषा बोलते, ग्राफिक्स चिप दुसरी. या दोहोंमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो विंडोज लिहिणारी कंपनी लिहीत नाही, चिप बनवणारी कंपनी लिहिते. म्हणजे घर एकाचे, दुभाषा दुसऱ्याचा. त्याला ओसरीवर बसवायचे की थेट माजघरात घ्यायचे, हाच या इतिहासातला कळीचा प्रश्न.

१९९३ च्या विंडोज एनटी ३.१ ने त्याला ओसरीवर बसवले. पडद्यावरील चित्रकामाचा बहुतेक भार ‘कर्नेल’च्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बाहेर ठेवलेला होता. रचना सुरक्षित, पण संथ. प्रत्येक रेघेसाठी निरोप आत-बाहेर न्यावा लागे. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगासाठी हा सारा कारभार गाभ्यात हलवला. कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता : चित्रकाम करणारी प्रक्रिया बाहेर राहून कोसळली, तरी वापरणाऱ्याच्या हाती उरतेच काय? पण गाभ्यात केलेली चूक पदरात घेणारे कोणी नसते. तिथे चुकीच्या जागी एक आकडा लिहिला गेला, तरी संपूर्ण यंत्र थांबवणे हाच एक मार्ग उरतो. निळी स्क्रीन म्हणजे ते थांबणे.

एनटी हे कार्यालयांचे विंडोज होते. २००१ च्या एक्सपीने तोच गाभा घरोघरी नेला. तेव्हा १९९६ चा निर्णय डोंबिवलीच्या दोन खोल्यांतील संगणकापर्यंत येऊन पोहोचला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे लॅपटॉप आले. भारनियमनाने गांजलेल्या कल्याण-डोंबिवलीत वीज गेल्यावरही चालू राहणारे यंत्र हा त्यांचा मोठाच गुण.

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीस आले आणि ड्रायव्हरचे दोन तुकडे झाले. मोठा, गुंतागुंतीचा भाग पुन्हा ओसरीवर; लहान भाग गाभ्यात. शिवाय एक मूठही बसवली गेली. चिपने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज तिला नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो, परततो, आणि ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला होता, आता सावरला आहे, असा निरोप येतो. हा निरोप पाहून लोक घाबरतात. खरे तर जुन्या विंडोजमध्ये त्याच क्षणी सारे यंत्र गारठले असते.

रचना उत्तम, पण संक्रमण वाईट. इथे मध्य रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. मुंबईची विजेची लोकल १९२५ मध्ये सुरू झाली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. ती पद्धत बदलून २५,००० व्होल्ट एसी आणायची होती. रेल्वेने आधी दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, मग कसाऱ्याच्या बाजूकडून मुंबईच्या दिशेने टप्प्याटप्प्याने मार्ग बदलला. मुख्य मार्गावरचे काम २०१५ मध्ये संपले. व्हिस्टाने उलट केले : आधी तारा बदलल्या, गाड्या नंतर तयार होत राहिल्या. नव्या रचनेचे ड्रायव्हर घाईत लिहिले गेले. २००८ मध्ये सिएटलच्या न्यायालयातील एका दाव्यामुळे मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांत २००७ मधील नोंदवलेल्या व्हिस्टा क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खाती होते, तर खुद्द मायक्रोसॉफ्टच्या खाती १७.९ टक्के. आकडा मात्र जपून वाचावा. कोणाच्या किती चिप वापरात होत्या, हे त्यात दिसत नाही.

त्याच वर्षी प्रकरण आणखी गढूळ झाले. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपच्या बांधणीतच दोष असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांत चिपखालचे सूक्ष्म जोड तडकत होते. लक्षणे तीच : पडद्यावर रेघा, काळोख, क्रॅश. ड्रायव्हर कितीही वेळा बदलला तरी गुण येत नसे. चिपवर गरम हवा सोडली की यंत्र जिवंत होई आणि काही दिवसांनी पुन्हा मरे. त्या काळी ‘ड्रायव्हरच खराब आहे’ हे निदान अनेकदा चुकले असणार, ते या सारखेपणामुळे.

दोहोंत भेद करायचा कसा? सेफ मोडमध्ये विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या ड्रायव्हरवर चालते. तिथे यंत्र तासन्‌तास टिकले, तर संशय ड्रायव्हरवर. तिथेही किंवा विंडोज सुरू होण्याआधीच रेघा दिसल्या, तर चिपवर. मात्र सेफ मोडमध्ये चिपला फारसे काम नसते, म्हणून ही खूण आहे, पुरावा नव्हे. इव्हेंट व्ह्यूअरमधील ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे मूठ सुटली आणि सावरली. ११६ क्रमांकाची निळी स्क्रीन म्हणजे सावरण्याचा प्रयत्न फसला. त्रास अद्ययावत केल्यानंतर सुरू झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरकडे परतण्याची सोय एक्सपीपासून आहे. नवा तो चांगला असे नसते : मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याच्या नियंत्रणातील बिघाडामुळे मागे घ्यावा लागला होता.

लॅपटॉपची अडचण दुहेरी. त्यात अनेकदा दोन ग्राफिक्स चिप असतात, एक बॅटरी वाचवणारी, एक ताकदीची. म्हणजे ड्रायव्हरही दोन, आणि त्यांचे जमले पाहिजे. म्हणून आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर घालून पाहणे श्रेयस्कर.

दोन सेकंदांची ती मुदत नोंदणीत बदलून आठ किंवा दहा करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. जड गणिते चालवणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. इतरांच्या बाबतीत मात्र ती मोटरमनची मूठ दोरीने बांधून ठेवण्यासारखीच गोष्ट ठरते.