दगडाचा पोत आणि उजेडाचा कोन

पोत हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्याचा आणि विणकराचा. जमिनीचा पोत हाताला कळतो, कापडाचा बोटांना. छायाचित्रात स्पर्श नसतो. तिथे खडबडीतपणा दाखवायचा तो सावल्यांनीच.

जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या राज्यातील बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन वास्तूंची पाहणी केली. १८७८ च्या त्यांच्या अहवालात औशाजवळच्या खरोसा लेण्यांचे वर्णन आहे. आज ही लेणी लातूर जिल्ह्यात येतात. ती लालसर जांभ्यात कोरलेली आहेत, आणि त्या काळच्या छायाचित्रणाला हा दगड अडचणीचाच. १८५१ पासून रूढ झालेल्या कोलोडियनच्या ओल्या काचांवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होई, लाल प्रकाशाचा जवळजवळ नाहीच. लाल पृष्ठभागाच्या जागी निगेटिव्ह कोरी राही आणि कागदावर तिथे काळोख उमटे. पोत दाखवणाऱ्या सावल्या त्या काळोखातच मिसळून जात. १८७३ मध्ये जर्मनीत फोगेल यांना असे आढळले की, विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही जाणवतो. लालसकट सर्व रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडले.

रंगाचा प्रश्न असा सुटला. कोनाचा प्रश्न मात्र मोबाइलवाल्यालाही चुकलेला नाही. भिंतीवर २ मिलिमीटरचा उंचवटा आहे असे समजा. उजेड भिंतीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर त्याची सावली जेमतेम सव्वा मिलिमीटर पडते. १० अंशांवर तीच ११ मिलिमीटर होते. नांदेड जिल्ह्यात होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरील बारीक नक्षी तिरप्या उन्हात उठून दिसते ती यामुळे. समोरून फ्लॅश मारला की ती सपाट झालीच!

पण तिरपा उजेड सगळीकडे चांगला, हे सरसकट विधान मला पटत नाही. जांभा सच्छिद्र असतो. फार तिरप्या उजेडात प्रत्येक छिद्राची सावली पडते आणि झिजलेली मूर्ती त्या ठिपक्यांत हरवते. दगडाचा पोत दिसतो, शिल्पकाराचे काम दिसत नाही. खरोशाच्या शिल्पपटांसाठी म्हणूनच थोडा चढा, मऊ उजेड बरा.

वर्गात अंधार करून वीट आणि नाणे शेजारी ठेवा, टॉर्च हळूहळू खाली आणा. नाण्यावरची अक्षरे स्पष्ट होत जातील. विटेवर खडूने नव्हे, खिळ्याने कोरलेले नाव आधी उठेल, मग खरबरीतपणात बुडेल. नंतर डोळ्यांसमोर निळा जिलेटिन कागद धरून तीच वीट पाहा. बर्जेस यांच्या काळच्या काचेला ती साधारण तशी दिसली असती.