'सॉव्हरेन्टी' आणि 'सुझरेन्टी'

संस्थानी राजवटीविषयीचे मराठी लेखन वाचताना एक गफलत आम्हांस अनेकदा आढळते. इंग्रजी कागदपत्रांतील 'सॉव्हरेन्टी' व 'सुझरेन्टी' या दोन्ही शब्दांसाठी 'सार्वभौमत्व' हा एकच शब्द योजला जातो. दोहोंच्या मुळाशी 'वर असणे' हीच कल्पना असल्याने चूक स्वाभाविक आहे. पण तिच्यामुळे इतिहासाचा अर्थ बिघडतो.

'सॉव्हरेन्टी' म्हणजे जिच्यावर दुसरी सत्ता नाही अशी स्वप्रदेशावरील पूर्ण सत्ता. 'सुझरेन्टी' हा युरोपातील सरंजामशाहीतून आलेला शब्द. तो मांडलिकावरील अधिसत्ता दर्शवितो. मांडलिकाचे परराष्ट्रसंबंध अधिराजाच्या हाती जातात. मुलूख, प्रजा व अंतर्गत कारभार मात्र मांडलिकाचेच राहतात.

1889 च्या ब्रिटिश 'इंटरप्रिटेशन ॲक्ट'ने हा भेद नेमका पाळला. 'ब्रिटिश इंडिया' निराळा सांगून संस्थाने ही राणीच्या 'सुझरेन्टी'खालील प्रदेश म्हणून 'इंडिया'त धरली. म्हणूनच बडोदे, इंदूर व ग्वाल्हेर येथे संस्थानांचे स्वतःचे कायदे व न्यायालये होती.

व्यवहारात ही मर्यादा टिकली नाही. 1875 साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आले. पुढे वऱ्हाडच्या प्रश्नावर निजामाने बरोबरीच्या नात्याचा दावा केला, तेव्हा 1926 साली लॉर्ड रीडिंग यांनी उत्तरात 'सॉव्हरेन्टी' हाच शब्द वापरला : ब्रिटिश राजसत्तेची ती सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकास समान पायरीवरून वाटाघाटी करता येणार नाहीत. कायद्यातील अधिसत्ता पत्रात सार्वभौमत्व होऊन बसली.

1947 च्या स्वातंत्र्याच्या कायद्याने मात्र पुन्हा जुनाच शब्द उचलला. त्याच्या सातव्या कलमान्वये संस्थानांवरील 'सुझरेन्टी' नव्या सरकारकडे गेली नाही, तर संपुष्टात आली. त्यामुळेच प्रत्येक संस्थानाकडून सामीलनाम्यावर स्वतंत्र सही घेणे भाग पडले. निजामाने याच तरतुदीच्या आधारे स्वातंत्र्याचा दावा मांडला व तो प्रश्न सप्टेंबर 1948 मधील लष्करी कारवाईने मिटला.

दोन्ही शब्दांना 'सार्वभौमत्व' म्हटले, तर सामीलनाम्याची गरज का पडली, हे विद्यार्थ्यास कधीच उमगणार नाही. म्हणून 'सॉव्हरेन्टी'साठी 'सार्वभौमत्व' व 'सुझरेन्टी'साठी 'अधिसत्ता' असे शब्द शिक्षकांनी कटाक्षाने योजावेत, अशी आमची सूचना आहे.