सामायिक विदाप्रकारांच्या वेब सेवांसाठी जावा क्लायंट कोडची निर्मिती

सामायिक विदाप्रकारांच्या वेब सेवांसाठी जावा क्लायंट कोडची निर्मिती म्हणजे एकाहून अधिक वेब सेवांच्या वर्णनांवरून त्या सेवांशी संवाद साधणारा जावा कोड साधनाच्या साहाय्याने तयार करणे आणि तसे करताना सर्व सेवांना समान असलेल्या विदाप्रकारासाठी एकच जावा क्लास राखणे. वेब सेवेचे असे वर्णन डब्ल्यूएसडीएल या एक्सएमएल-आधारित भाषेत लिहिलेले असते.

पार्श्वभूमी

डब्ल्यूएसडीएलची १.१ ही आवृत्ती मार्च २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टिपणाच्या स्वरूपात प्रसिद्ध केली. सेवेतील क्रिया, त्यांचे संदेश व सेवेचा पत्ता यांची माहिती या दस्तऐवजात असते. संदेशातील विदेची रचना एक्सएमएल स्कीमात दिलेली असते. हा स्कीमा दस्तऐवजातच लिहिता येतो किंवा स्वतंत्र फाइलमधून आयात करता येतो. त्यामुळे अनेक सेवांना एकच स्कीमा वापरणे शक्य होते.

डब्ल्यूएसडीएलवरून कोड तयार करणारे ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ हे साधन डिसेंबर २००६ मधील जावा ६ पासून जेडीकेमध्ये समाविष्ट होते. सप्टेंबर २०१८ मधील जावा ११ मधून ते वगळण्यात आले. त्यानंतर ते मेट्रो प्रकल्पातून स्वतंत्रपणे घ्यावे लागते. ‘अपाचे सीएक्सएफ’ हा त्याचा प्रचलित पर्याय आहे.

समस्या

समजा, मीरा-भाईंदरसारख्या एखाद्या शहराच्या महानगरपालिकेने मालमत्ता कर व पाणीपट्टी यांसाठी दोन वेब सेवा सुरू केल्या आणि दोन्हींनी ‘पत्ता’ हा विदाप्रकार एकाच स्कीमातून घेतला. दोन्ही वर्णनांवर साधन वेगवेगळे चालवल्यास पुढीलपैकी एक अडचण उद्भवते.

* पॅकेजे वेगळी ठेवल्यास ‘पत्ता’ या नावाचे दोन क्लास तयार होतात. पॅकेजच्या नावासह पूर्ण नाव निराळे असल्याने जावा त्यांना भिन्न मानते. एका सेवेकडून मिळालेला पत्ता दुसरीला थेट देता येत नाही. प्रत्येक क्षेत्राची नक्कल करणारा कोड लिहावा लागतो.
* पॅकेज एकच ठेवल्यास दुसऱ्या वेळी तयार झालेल्या फाइली आधीच्या समान नावाच्या फाइलींवर लिहिल्या जातात. प्रत्येक पॅकेजात ‘ऑब्जेक्टफॅक्टरी’ नावाचा एकच क्लास असतो. त्यात केवळ दुसऱ्या सेवेच्या नोंदी उरतात आणि पहिल्या सेवेचा कोड निकामी होऊ शकतो.

उपाय

प्रचलित पद्धतीत सामायिक स्कीमा सेवांपासून वेगळा काढला जातो.

१. सामायिक स्कीमावर ‘एक्सजेसी’ हे साधन चालवून क्लास तयार करतात. त्याच वेळी ‘एपिसोड’ फाइलही निर्माण करतात. कोणत्या विदाप्रकारासाठी कोणता क्लास आधीच उपलब्ध आहे, याची नोंद तीत असते.
२. हे क्लास संकलित करून त्यांची स्वतंत्र जार फाइल बनवतात.
३. प्रत्येक डब्ल्यूएसडीएलवर डब्ल्यूएसइम्पोर्ट चालवताना एपिसोड फाइल बाइंडिंग फाइल म्हणून देतात. साधन नोंदलेले क्लास पुन्हा तयार न करता त्यांचाच संदर्भ वापरते.

अपाचे सीएक्सएफच्या साधनात विशिष्ट नेमस्पेस वगळून त्यासाठी तयार पॅकेजचे नाव देण्याचीही सोय आहे.

मर्यादा

विदाप्रकारांची ओळख नेमस्पेस व नाव यांवरून ठरते. दोन सेवांनी समान रचनेचा प्रकार वेगवेगळ्या नेमस्पेसमध्ये लिहिला असल्यास एपिसोड फाइलचा उपयोग होत नाही. अशा वेळी मूळ स्कीमातच सुधारणा करावी लागते.

याउलट नाव तेच राहून रचना बदलल्यास धोका अधिक असतो, कारण एपिसोड फाइल रचनेची पडताळणी करत नाही. एका सेवेने ‘पत्ता’ प्रकारात नवे क्षेत्र जोडले, परंतु सामायिक क्लास जुनाच राहिला, तर त्या क्षेत्रातील माहिती कोणतीही त्रुटी न दाखवता गळून पडू शकते. म्हणून सामायिक स्कीमाला आवृत्ती क्रमांक देणे आणि त्यात बदल होताच सर्व क्लायंट पुन्हा तयार करणे आवश्यक ठरते.

२०२० मधील जकार्ता ईई ९ पासून संबंधित पॅकेजांच्या नावांतील ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आले. त्यामुळे सामायिक क्लास व सर्व क्लायंट एकाच पिढीच्या साधनांनी तयार करावे लागतात.

हेही पहा

* एक्सएमएल
* जावा (प्रोग्रॅमिंग भाषा)
* वेब सेवा