लेथ, पल्स आणि तळहाताएवढा संगणक

कापणारे टूल धातूच्या तुकड्यापुढे नेमके कुठे आणि नेमके केव्हा न्यायचे, हे ठरवणे म्हणजे मशीनचे नियंत्रण. साध्या लेथवर हे काम टर्नरच्या दोन हातांकडे असते. क्रॉस स्लाइडच्या चाकावर कोरलेल्या रेघा मोजत तो टूल आत घेतो, चाक उलटे फिरवताना स्क्रूमधला प्ले आधी काढून टाकतो, मायक्रोमीटर लावून पाहतो आणि मग शेवटचा पास मारतो. पौड रस्त्याने भूगाव, भुकूम मागे टाकून घाट उतरला की पिरंगुटच्या आसपास जॉबवर्क करणाऱ्या शेडमध्ये हे दृश्य अजून दिसते. शेजारीच काचेच्या दाराआड सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारे, मशीन चालू असते.

पिरंगुट ज्या मुळशी तालुक्यात आहे तिथे यंत्रांच्या आधी विजेचे धरण आले, आणि ती वीज तालुक्यासाठी नव्हती. टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले. त्यात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केले. धरण झालेच. पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागले आणि वीज मुंबईला गेली. पुण्याची कारखानदारी वाढली ती मुख्यतः १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला. पिरंगुट पट्ट्याची पाळी त्याच्या बरीच नंतरची. त्यापाठोपाठ तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडी आणि माणच्या शेतांवर, सॉफ्टवेअरच्या इमारती उभ्या राहिल्या. घोटावडे फाट्यावरून माणकडे जाणारा एकच रस्ता लेथ आणि सॉफ्टवेअर या दोन्ही धंद्यांना जोडतो. धंदे मात्र एकमेकांना फारसे ओळखत नाहीत.

आकड्यांनी मशीन चालवण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेत छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारे मिलिंग मशीन दाखवण्यात आले. त्याचे नियंत्रण करणारे व्हॅक्यूम ट्यूबांचे कपाट खुद्द मशीनपेक्षा जास्त जागा व्यापत होते. पुढे ट्रान्झिस्टर आले, १९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि कपाटाचा डबा झाला. पण डबा बंदच राहिला. फॅनुक, सीमेन्स यांचे कंट्रोलर दणकट आणि भरवशाचे असतात, यात वाद नाही. मात्र त्यांच्या आत काय चालते ते बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि किंमत मोटर-ड्राइव्हसह लाखांच्या घरात. दिवसाला हजारो नग काढणाऱ्या कारखान्याला हा खर्च परवडतो. जुने मिलिंग मशीन घेऊन बसलेल्या गाळेवाल्याला परवडत नाही.

डबा उघडला तो एका सरकारी प्रयोगशाळेने. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, १९९० च्या दशकात ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ हे सॉफ्टवेअर तयार केले आणि सरकारी पैशातून झालेले म्हणून ते सर्वांना खुले केले. जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक कारागिरांनी ते हाती घेतले. आज ते ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने ओळखले जाते. साधा पीसी, त्याच्या पाठीमागचा प्रिंटर जोडायचा २५ पिनांचा पोर्ट आणि तीन स्टेपर मोटरचे ड्राइव्ह एवढ्यावर मिलिंग मशीन चालू लागले. ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, कनेक्टर असे सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधायचे, हे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला सांगावे लागत नाही.

खरी अडचण पैशांची नव्हती, वेळेची होती, आणि ती एका छोट्या हिशेबातून कळते. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्राइव्हने प्रत्येक पावलाचे १० भाग केले की एका फेऱ्याला २,००० पल्स, म्हणजे विजेचे ठोके, लागतात. बॉलस्क्रूचे पिच ५ मिलिमीटर असेल, तर एका मिलिमीटरला ४०० पल्स, म्हणजे एका पल्सला अडीच मायक्रॉन. मिनिटाला ३,००० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने टेबल सरकवायचे, तर सेकंदाला २०,००० पल्स द्याव्या लागतात. दर ५० मायक्रोसेकंदांनी एक. आता संगणकाने मधेच एखादी फाइल लिहायला किंवा पडद्यावरचा बाण हलवायला एक मिलिसेकंद घेतला, तर तेवढ्यात वीस पल्स चुकतात. वेगात असलेली मोटर हा झटका सहन करत नाही. ती गुरगुरून जागीच थांबते आणि जॉब वाया जातो. मोटरच्या मागे तिचे फिरणे मोजणारा एन्कोडर नसेल तर ती थांबल्याचे कंट्रोलरला समजतही नाही.

म्हणून मशीनच्या नियंत्रणात ‘रिअल टाइम’चा अर्थ वेगवान असा नाही, वक्तशीर असा आहे. सरासरी वेळ कितीही चांगली असली तरी मोजायचा असतो तो सर्वांत वाईट उशीर. लिनक्ससीएनसीमध्ये याची वेगळी चाचणीच आहे. ती चालू ठेवून संगणकावर शक्य तितका भार टाकायचा आणि सर्वांत मोठा आकडा पाहायचा. झगमगीत नवा लॅपटॉप या चाचणीत बऱ्याचदा आपटतो आणि भंगारात निघालेला जुना डेस्कटॉप पास होतो, कारण लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी सारखा डुलक्या घेत असतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये बीगलबोन आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हे एका पाटीवरचे संगणक बाजारात आले. पायची किंमत ३५ डॉलर होती. २०१३ चा बीगलबोन ब्लॅक ४५ डॉलरला. बाहेरून दोन्ही सारखेच, तळहातावर मावणारे. मशीनच्या कामाला मात्र बीगलबोन अधिक लायक निघाला. त्याच्या मुख्य प्रोसेसरच्या पोटात २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. त्यांच्यावर लिनक्सचा हुकूम चालत नाही, आणि त्यांची एकेक साधी सूचना पाच नॅनोसेकंदांत, ठरल्या वेळेत, पूर्ण होते. पल्स मोजून देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले की लिनक्सला दर मिलिसेकंदाला एकदा हिशेब दिला तरी पुरते. पायकडे तशी सोय नव्हती. त्यामुळे त्याला लिनक्सचे रिअल टाइम कर्नल बसवून पल्ससाठी एफपीजीए या हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपचे वेगळे कार्ड जोडण्याची रीत पडली. थोडक्यात, स्वस्त पाटीने किंमत उतरवली, पण वेळेची जबाबदारी शेवटी एका छोट्या, एकमार्गी चिपकडेच गेली.

पुणे जिल्ह्यात मशीन स्वतः बनवण्याचे ज्ञान शाळेच्या वयाच्या मुलांपर्यंत नेण्याचे काम शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात झाले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, ही त्यांची पद्धत. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतली फॅब लॅब २००२ मध्ये पाबळला आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. पुढे इथेही चालणाऱ्या फॅब अकॅडमीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी मिळून एक मशीन स्वतः बनवायचे असते. बंद डबा विकत घेणाऱ्याला जे कधी कळत नाही, ते तिथे पहिल्याच बिघाडात कळते.

गाळ्यात पाटी बसवताना अडचणी येतात त्या सॉफ्टवेअरच्या कमी आणि तारांच्या जास्त. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, लिमिट स्विच २४ व्होल्टचे. मध्ये दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा ऑप्टोकपलर नसेल तर पाटी पहिल्याच दिवशी जळते. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीची केबल सिग्नलच्या तारांशेजारून नेली की नसलेल्या पल्स दिसू लागतात. अर्थिंग कच्चे असले की हाच त्रास दुप्पट. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होते, आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणे हे पुण्याच्या कारखानदाराच्या अंगवळणी पडले असले तरी मेमरी कार्डाच्या नाही. छोटा यूपीएस आणि तयार ठेवलेले दुसरे कार्ड हा त्यावरचा साधा उपाय.

लाकडाचा राउटर, प्लाझ्मा कटिंगचे टेबल, कंट्रोलर मेलेले पण बेड शाबूत असलेले मिलिंग मशीन आणि शिकण्याची कार्यशाळा या ठिकाणी अशी पाटी शोभते. मोटारींचे सुटे भाग काढणाऱ्या तीन पाळ्यांच्या लाइनवर तिचे काम नाही. तिथे बंद डबाच हवा, कारण बिघडल्यास माणूस पाठवणारी कंपनी त्याच्यामागे उभी असते. आणि पाटी कोणतीही असो, आपत्कालीन लाल बटणाची तार तिच्या भरवशावर सोडू नये. दाबल्याबरोबर त्या बटणाने रिलेमार्फत मोटरची वीज थेट तोडली पाहिजे. पाटीला त्याची नुसती खबर मिळाली तरी पुरे.