लॅपची वेळ नेमकी टिपली कोणी?

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून धावणारी विजेवरची छोटी गाडी. ब्रिटनमध्ये स्केलेक्सट्रिक आली १९५७ साली. पुढे घरात पीसी आले, तसे हौशी लोकांनी सेन्सरच्या वायरी थेट प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडल्या. त्या पोर्टला आत येणाऱ्या ५ स्टेटस लाइन असतात, म्हणजे चार लेनना पुरून एक उरतेच. स्वस्तात काम! पण एनटी घराण्यातल्या विंडोजने (एक्सपी त्यातलीच) प्रोग्रामला पोर्टला थेट हात लावू दिला नाही, आणि लॅपटॉपवरून तर पोर्टच गेला. मग २००५ साली इटलीतल्या इव्रेआत जन्मलेला आर्डुइनो कामी आला. बोर्ड सेन्सर वाचतो आणि यूएसबीवरून सॉफ्टवेअरला कळवतो.

आता बघा, गाडी गेली ती वेळ टिपली कोणी? संदेश पोचल्यावर सॉफ्टवेअरने टिपली असेल, तर जुन्या आर्डुइनोंवरच्या एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर मुळातच १६ मिलिसेकंदांवर असतो; तेवढा उशीर त्यात मिसळू शकतो. बोर्डानेच टिपली असेल, तर १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोवर मोजमाप ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने होतं. निकालाच्या तक्त्यात तीन दशांश छापलेले असले, तरी यातला फरक त्यावरून दिसत नाही. असे जुने तक्ते साधन म्हणून वापरणार असाल, तर आधी बोर्डातला कोड मिळवा.